चावणारा शालू

ठाणे, रविवार, १७ जानेवारी १९५४

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. प्लास्टरमधला पाय खाजतो म्हणून आत विणायची सुई घालतोस, असं तूच लिहितोस आणि वर हसतोस. पोरांना "स्टुलावर चढू नका" म्हणून ओरडणारा सायन्सचा मास्तर स्वतःच शाळेच्या स्टुलावरून पडतो आणि महिनाभर खाटेला खिळतो! सुई बाहेर काढ आधी. मी नाही तिथे, पण सखुबाई तुझ्या घरमालकीण आहेत, त्यांना तुझ्यावर नजर ठेवायला सांगते.

इकडे ठीक आहे असं लिहिणार होते, पण ठीक नाही. तुला हसू येईल. आधी पुरतं वाच, मग हस.

आमचं ड्रायक्लीनचं काम जोरात आहे. पौष संपला की माघात लग्नं, त्यामुळे रेशमी कपड्यांचे ढीग येऊन पडलेत. आपल्या दोन्ही घरांत सगळ्यांचा जन्म लोकांचे कपडे तलावावर आपटण्यात गेला. ह्यांनी मुंबईच्या लाँड्रीत राहून हे नवं काम शिकून घेतलं, म्हणून आज दुकानावर पाटी आहे. मागच्या अंगणात पत्र्याची खोली घातलीय, तिथे जस्ताचा टब आहे. त्यात औषध ओतायचं, कपडा बुडवायचा, हलक्या हाताने चोळायचा, पिळून झटकायचा. पाण्याचा थेंब लागत नाही. हे चोळतात, मी पिळते.

तर हल्ली कपडे चावायला लागलेत. कोलशेतच्या काळुराम पाटलांकडून एक हिरवा शालू आलाय, जुने डाग निघत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो, पहिल्यांदा तोच चावला. मी तो टबातून उचलला, माझं बोट टबाच्या काठाला लागणार तेवढ्यात चट् असा आवाज झाला आणि विंचू डसल्यासारखा हात मागे आला. काल दार लोटलेलं होतं, आत अंधार होता, तेव्हा निळी ठिणगीही दिसली. खरंच दिसली रे.

हा शालू पाटलांच्या थोरल्या सुनेचा, शेवंतीचा. ती गेल्या साली बाळंतपणात गेली. आता मुलाचं दुसरं लग्न आहे आणि नव्या नवरीला तोच शालू नेसवणार आहेत. माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सवतीला नेसवतायत तिचा शालू, मग ती चावणार नाय तर काय करणार? बाळंतपणात गेलेली बाई अशी सोडत नाय." हे म्हणतात, दिवाळीत खोलीत बल्ब घेतला ना, त्याच्या वायरमधून करंट झिरपतोय.

मी दोघांच्या मधे. दिवसा उजेडी त्या खोलीत जायचं म्हटलं तरी दुसरं काम काढून बसते. ह्यांच्यासमोर हसते आणि आत गेले की रामराम म्हणते. तू सांग, वायर की शेवंती?

तुझी,
गोदू


कल्याण, मंगळवार, १९ जानेवारी

चि. गोदू,

अनेक आशीर्वाद. हसलो. सुई काढली आहे.

आता नीट ऐक. शेवंती बिचारी गेली, तिला गेलेलीच राहू दे. गोपीनाथरावांचा अंदाज बरोबर दिसतो. पत्र्याच्या खोलीत नवी वायर, कुठेतरी कातडं सोललं असेल, करंट पत्र्यात आणि पत्र्यातून टबात उतरत असेल. वायरमनला बोलवा. तो येईपर्यंत एवढं करा. विजेला नेहमी जमिनीकडे जायचं असतं आणि ती तुमच्या अंगातून वाट काढते, म्हणून झटका बसतो. ती वाटच बंद करायची. दोघांनी लाकडी पाटावर उभं राहा. पायात रबरी तळव्याच्या चपला घाला. टबही पत्र्यापासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. जमीन कोरडी खडखडीत असू दे, पाणी सांडू नका.

हे सहावीतल्या पोरालाही कळतं, पण गोपीनाथरावांना माझं नाव सांगून सांग. मेहुणा मास्तर असल्याचा काही तरी उपयोग होऊ दे. ते मला पुस्तकी म्हणतात ते मला ठाऊक आहे.

तू घाबरू नकोस. विजेचं एक बरं असतं, तिचे नियम पाठ केले की ती आपल्या शब्दाबाहेर जात नाही.

तुझा,
अण्णा


ठाणे, शनिवार, २३ जानेवारी

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. तू सांगितलंस ते सगळं केलं. ह्यांनी तुझं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाले, "तुझा भाऊ कामाचं बोलला एकदाचा." पाट आणले, टबाखाली फळ्या घातल्या, दोघांना रबरी चपला घेतल्या, जमीन झाडून पुसून कोरडी केली.

अण्णा, चावणं वाढलं.

आधी बोटाला चिमटा बसायचा, आता कोपरापर्यंत कळ जाते. वायरमन आला, त्याने काही सापडेना म्हणून वायरच तोडून टाकली. खोलीत आता बल्ब नाही, वायर नाही, करंटचं नाव नाही, आणि तरी शालू चावतो! काल ह्यांनाही चावला. त्यांचा चेहरा असा झाला की मीच पुढे होऊन त्यांचा हात धरायला गेले, तर आमच्या दोघांच्या बोटांमध्येच चट् झालं. नवराबायकोने एकमेकांना हात लावायचा आणि मधे ठिणगी उडायची, हे काय आहे रे? शालू झटकायला उचलला की आपण होऊन माझ्या हाताला येऊन चिकटतो. हातावरची लव उभी राहते. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ, कशी धरून ठेवतेय तुला." त्यानंतर दुपारभर मी जेवले नाही.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. ह्यांनी बजावलं होतं, धंद्यातलं बाहेर सांगायचं नाही. पण तू अंदाज बांधतोयस आणि मी अर्धंच सांगतेय, हे मला आत खातंय. टबात औषध म्हणतो ते पेट्रोल आहे. गॅरेजमधून डबे येतात. साठा ठेवायला परवाना लागतो तो आपल्याकडे नाही, म्हणून वास शेजारी जाऊ नये यासाठी खोलीचं दार लावूनच काम करतो.

आगीची काळजी करू नकोस. ते आम्हाला कळतं. चूल लांब आहे, हे विडी ओढत नाहीत, कोटाच्या खिशातली काड्याची पेटीसुद्धा बाहेर ठेवून आत येतात. आगीचं काही नाही. भीती आहे ती त्या चावण्याची.

तुझी,
गोदू


कल्याण, बुधवार, २७ जानेवारी

गोदू,

शनिवारी लिहिलेलं तुझं पत्र आज हातात पडलं. मधे रविवार, मधे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. इतके दिवस तुम्ही त्या बंद खोलीत पाटावर उभे आहात, आणि पाटावर तुम्हाला मी चढवलंय.

पेट्रोल हा शब्द मी तीनदा वाचला. ड्रायक्लीन म्हणजे काय, हे मी कधी तुला विचारलंच नाही. औषध म्हणजे साबणासारखं कसलं तरी नवं पाणी असेल असं धरून चाललो. गोदू, ते चावणं आणि आग या दोन गोष्टी नाहीत. तुम्ही काड्याची पेटी बाहेर ठेवता आणि काडी अंगावर घेऊन आत जाता.

आजच्या आज काम थांबवा. का, ते सांगतो. सगळं वाच आणि त्यांना वाचून दाखव.

मला पहिल्या पत्रापासूनच त्या निळ्या ठिणगीची खुटखुट होती. पडल्या पडल्या दुसरं काही सुचत नाही, म्हणून रविवारी सखुबाईंकडून मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख मागवला. एका रिकाम्या बाटलीचं बूच मेणाने माखलं, त्यातून तार आत सोडली आणि तारेच्या टोकाला वर्खाच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लोंबत ठेवल्या. कंगवा केसांवर घासून तारेच्या वरच्या टोकाला टेकवला, की दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून फाकतात. घासल्याने कंगव्यावर विद्युतभार आला, तो दोन्ही पट्ट्यांवर उतरला, आणि एकाच जातीचे भार एकमेकांना दूर ढकलतात. जाती दोन आहेत. काच रेशमावर घासली तर काचेवर एका जातीचा भार येतो आणि तेवढाच दुसऱ्या जातीचा रेशमावर राहतो. उलट जातीचे एकमेकांना ओढून घेतात. भार नवा निर्माण होत नाही, एकाकडचे बारीक कण दुसऱ्याकडे जातात, एवढंच. शालू पेट्रोलमध्ये चोळला की हेच होतं. तो हाताला चिकटतो तो याच ओढीने. लव उभी राहते तीही याच कारणाने. शेवंतीचा त्यात काही संबंध नाही.

आता माझी चूक. फाकलेल्या पट्ट्यांच्या तारेला मी बोट लावलं, पट्ट्या लगेच मिटल्या. भार माझ्या अंगातून जमिनीत गेला. मग पुन्हा फाकवल्या आणि शेगडीवर शेकून कोरडी केलेली लाकडी पट्टी टेकवली. पट्ट्या फाकलेल्याच राहिल्या. रबर लावून पाहिलं, तरी तशाच. लाकूड आणि रबर भाराला जाऊ देत नाहीत. वायरमधली वीज बाहेरून येते आणि तुमच्यातून जमिनीत जायला बघते, तिला अडवायला पाट चांगला. हा भार तुमच्याच अंगावर साठतो. त्याला जमिनीत जाऊ द्यायला हवं, आणि मी त्याच्या वाटेत पाट ठेवला, चपला ठेवल्या, टबाखाली फळ्या घातल्या, जमीन कोरडी करवून घेतली. तो साठत जातो, साठत जातो, आणि बोट टबाच्या काठाजवळ गेलं की एकदम उडी मारतो. ती उडी म्हणजे तुझी निळी ठिणगी. खाली पेट्रोल. दार बंद, खोलीभर त्याची वाफ. पावसाळ्यात हे झालं नाही, कारण दमट हवेत भार टिकत नाही. आता हवा कोरडी आहे. इतके दिवस कसे वाचलात मला कळत नाही, आणि त्याचा विचार करवत नाही.

काम थांबवा. मुळीच थांबणार नसेल, तर निदान पाट, चपला, फळ्या फेकून द्या. अनवाणी उभे राहा, जमिनीवर पाणी शिंपडा, टबाला लोखंडी साखळी बांधून ती नळाच्या पाइपाला जोडा, दार सताड उघडं ठेवा, शेजारी काय म्हणायचं ते म्हणू देत. कपड्याला हात लावण्याआधी साखळीला हात लावा. याने धोका कमी होतो, जात नाही. मला स्वतः यायचं आहे आणि जिनाही उतरता येत नाही.

उलट टपाली कळव.

अण्णा


ठाणे, शनिवार, ३० जानेवारी

प्रिय अण्णा,

आधी एवढंच वाच: पाट गेले, चपला गेल्या, टब साखळीने बांधलाय, जमीन ओली आहे, दार उघडं आहे. चावणं जवळजवळ बंद झालं. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर हे काय म्हणाले असतील? "मास्तर आधी म्हणतात पाटावर चढा, आता म्हणतात पाटावरून उतरा. उद्या म्हणतील छपरावर बसा." मी वर्ख, कंगवा सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, मिठाईवरचा वर्ख बघून मी धंदा बंद करू? माघ लागतोय, पाटलांचा शालू शुक्रवारी द्यायचाय. खरं सांगू, त्यांचा दोष नाही. तुझं पहिलं पत्रही तितकंच ठाम होतं.

मग मी काय करणार? ते पुन्हा पाटावर उभे राहिले, आणि मी दारात उभी राहून त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोट टबाकडे गेलं की माझे डोळे आपोआप मिटायचे. असा तो दिवस गेला. काल सकाळी मी सासूबाईंना सांगितलं, की शेवंती माझ्या स्वप्नात आली. म्हणाली, माझ्या शालूला हात लावायचा तर अनवाणी लावा, पाटावर चढून माझ्यावर रुबाब करू नका, जमिनीवर पाणी शिंपडा, दार उघडं ठेवा मला जाता येता येईल, आणि टबाला लोखंडाची साखळी बांधा. साखळीचं ऐकून सासूबाई लगेच म्हणाल्या, "लोखंड तर लागतंच. लोखंडाला ती वचकून असते." मुलाला त्यांनी अशी काही तंबी दिली की हे निमूट चपला काढून आत गेले. जे माझ्या बी. एस्सी. भावाला जमलं नाही ते आईने एका हाकेत केलं!

रागावू नकोस. तू शाळेत मुलांना भूत नसतं म्हणून सांगतोस आणि तुझी बहीण घरात भूत आणून बसवते, हे मला कळतं. पण त्यांची बोटं शाबूत आहेत. काल रात्री मला झोप लागली. शुक्रवारी शालू जाईल, मग सावकाश खरं सांगेन.

सासूबाई आता माझ्यावर फारच खूश आहेत. शेवंतीसाठी काय काय करायचं ते मलाच विचारतात.

तुझी,
गोदू


कल्याण, मंगळवार, २ फेब्रुवारी

गोदू,

रागावलो नाही. तुझ्या जागी असतो तर मलाही दुसरं सुचलं नसतं. पण तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचल्यापासून मी स्वस्थ नाही.

"शेवंतीसाठी काय काय करायचं ते मलाच विचारतात." गोदू, सासूबाईंनी भूत मानलं ते फक्त तुझ्या सोयीपुरतं मानतील का? तुझ्या स्वप्नातल्या शेवंतीने पाणी मागितलं, साखळी मागितली. पण सासूबाईंची शेवंती त्यांच्या मनातली आहे, ती त्यांच्याकडे आणखीही काही मागणार. बाळंतपणात गेलेल्या सवाष्णीला त्या काय देतील? ओटी भरतील. आणि दिवा लावतील. कुठे लावतील? जिथे शालू आहे तिथेच. उद्या अमावास्या आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवर पसरते. उंबऱ्यात ठेवलेल्या पणतीपर्यंत ती आपण होऊन चालत येते. दार उघडं आहे म्हणून तर आणखीच.

तार करणार होतो. पण तार म्हटली की घरात आधी रडारड, आणि "दिवा लावू नका" एवढ्याचा अर्थ तुझ्याशिवाय कोणाला लागणार? सखुबाईंना आत्ताच पोस्टात पाठवतोय, उद्या दुपारच्या टपालाला हे तुला मिळायला हवं. मिळताक्षणी सासूबाईंना गाठ. काय सांगायचं ते तू ठरव, पण दिवा त्या खोलीकडे जाता कामा नये. मला वाटतं आता खरंच सांगावं. खोट्याला आणखी खोटं जोडत गेलीस तर कुठे थांबणार?

अण्णा


ठाणे, गुरुवार, ४ फेब्रुवारी

अण्णा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं, ओटीवर उभ्या उभ्या फोडलं. "दिवा" वाचलं आणि मागे वळले, तर सासूबाई ताट घेऊन मागच्या दाराने अंगणात उतरत होत्या. खण, नारळ, हळदकुंकू आणि पेटलेली पणती. खोलीत हे टबावर वाकलेले.

मी हाक मारली की ओरडले ते आठवत नाही. धावत जाऊन ताटातली पणती उचलली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. बोटं भाजली, ते नंतर कळलं. सासूबाई तिथल्या तिथे खाली बसल्या. "ज्योत विझवलीस? तिची ज्योत विझवलीस?" एवढंच परत परत. हे बाहेर आले. आणि अण्णा, मी सगळं सांगून टाकलं. स्वप्न पडलं नव्हतं, शेवंती आली नव्हती, पाणी न् साखळी माझ्या भावाच्या पत्रातलं होतं, तुम्ही ऐकेनात म्हणून मी खोटं बोलले.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी दिलेलं पाणी घेत नाहीत. ते मी सोसेन. पण ह्यांचं ऐक. म्हणाले, "म्हणजे आठवडाभर मी थंडीत ओल्यात उघड्या पायांनी नाचलो ते तुझ्या भावाच्या वर्खापायी. आणि आईला हाताशी धरून मला वेडा बनवलंस." मी म्हटलं, शेवंती खोटी होती, पण बाकीचं खरं आहे. म्हणाले, "एक खोटं तर सगळं खोटं." साखळी सोडून अंगणात फेकली. चपला शोधून आणल्या. टबाखाली पुन्हा फळ्या सरकवल्या. आज दिवसभर दुकानात बसून होते, खोलीत गेले नाहीत. उद्या शुक्रवार, सकाळी शालूला शेवटचा हात मारून पाटलांकडे पोचवणार म्हणतात.

खोटं सांगितलं तेव्हा ते सुखरूप होते आणि खरं सांगितल्यावर मी त्यांना त्या पाटावर चढवलं. मी त्यांच्या पाया पडले, रडले. म्हणाले, "आता नवीन कोणतं सोंग?"

मला सुचत नाही. कोणाला तरी पाठव. मला फार भीती वाटते.

गोदू


तार
कल्याण, शुक्रवार, ५ फेब्रुवारी

काम बंद करा. मी निघतो. अण्णा


ठाणे, बुधवार, १० फेब्रुवारी

प्रिय अण्णा,

तुझी तार आली तेव्हा आम्ही ह्यांना घोडागाडीत घालत होतो.

आता सरकारी दवाखान्यात आहेत. जीव वाचलाय, डॉक्टरांनी काल तसं स्पष्ट सांगितलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. डावा बरा होईल. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटतील, कपडा पिळता येणार नाही असं म्हणतात. तोंडाला थोडं लागलंय. भुवया नाहीत.

शुक्रवारी सकाळी मला आत येऊ दिलं नाही. मी दाराबाहेर भिजवलेली गोणपाटं घेऊन बसले होते. ती बघून हे म्हणाले, "काय, माझ्या मरणाची तयारी?" आणि हसले. रागाने नव्हे, खरंच हसले. त्यांचा राग तोवर उतरला होता, मला वाटतं शालू देऊन आले असते तर माझ्याशी नीट बोललेही असते. शालू टबातून वर उचलला, निथळायला उंच धरला आणि एका हाताने टबाचा काठ धरायला गेले. मला चट् ऐकू आलं. मग फुस्स करून टबभर जाळ उभा राहिला. मी गोणपाटं त्यांच्यावर टाकली आणि चपलेसकट पाय धरून बाहेर ओढलं. सासूबाई आणि मी, दोघींनी ओढलं. शालू गेला, खोली गेली.

सगळी आळी येऊन गेली. प्रत्येक जण तेच म्हणतो, ज्योत विझवली म्हणून शेवंतीने सूड घेतला. पाटलांकडची माणसंही आली. मला वाटलं शालूची भरपाई मागतील. ती शेवंतीची क्षमा मागून, नारळ फोडून परत गेली. सासूबाई ह्यांच्या उशाशी बसून रोज हेच सांगतात. मी समजावत नाही. माझ्या तोंडाला आता वजन नाही.

काल सासूबाई बाहेर गेल्यावर हे म्हणाले, "लिही अण्णांना." ते सांगतात तसं लिहिते:

"अण्णा, आई म्हणते तिने केलं. गोदा काही म्हणत नाही, नुसती बघते. मी पाटावर होतो, चपला घातल्या होत्या, काडी जवळ नव्हती. मग आग आली कुठून? मी तुमची टिंगल केली ती सोडून द्या. मला फक्त सांगा, ते माझ्या हातातून निघालं का? रेशमाचे कपडे मी मुंबईत सहा वर्षं धुतले. तिथे का नाही झालं? मला नीट कळेल असं लिहा. हात बांधलेत, पान उलटता येत नाही, गोदा वाचून दाखवेल."

हे सांगताना ते रडले. लिहू नको म्हणाले, तरी लिहिलं.

तुझी,
गोदू


कल्याण, शुक्रवार, १२ फेब्रुवारी

प्रिय गोदू,

त्यांचा जीव वाचला हे वाक्य मी सखुबाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. तू गोणपाटं घेऊन बसलीस म्हणून ते आहेत. आळीतल्या लोकांचं ऐकताना एवढं लक्षात ठेव.

शुक्रवारी मी खरंच निघालो होतो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडलो. प्लास्टर तडकलं, पुन्हा घातलंय. मला वर उचलून आणलं तेव्हा ठाण्याला सगळं होऊन गेलं होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. पाच दिवस नुसता त्या बाटलीकडे बघत होतो. मग ती फोडून टाकली.

गोपीनाथरावांनी विचारलंय त्याचं उत्तर मला येतं. मुंबईत का झालं नाही, याचाही मला अंदाज आहे: तिथे मोठं यंत्र असेल, ते जमिनीशी जोडलेलं असेल, खाली ओली फरशी असेल. पण बघ, पुन्हा तेच करायला लागलो. मी ती लाँड्री पाहिलेली नाही. तुमची खोलीही मी कधी पाहिली नव्हती, आणि खाटेवर पडल्या पडल्या तुम्हाला पाटावर चढा म्हणून लिहिलं होतं. पाचवी-सहावीच्या पोरांना पंधरा वर्षं शिकवून ठाम लिहायची सवय लागली. तुम्ही ते ठाम आहे म्हणून ऐकलंत, आणि पुढचं खरं सांगायला गेलो तेव्हा त्याच ठामपणामुळे ऐकलं नाहीत. गोदू, मला आता पत्र लिहायची भीती वाटते.

म्हणून हे इथेच संपवतो. रविवारी चार माणसं मला खुर्चीत बसवून खाली उतरवणार आहेत, पुढचं स्टेशनवर बघू. आधी सासूबाईंच्या पाया पडेन आणि त्यांना सांगेन, की ज्योत विझवल्यामुळे हे झालं नाही, पाट मी घालायला सांगितला होता. मग गोपीनाथरावांजवळ बसेन. त्यांना जे विचारायचं ते विचारू दे. आधी सगळं ऐकून घेईन, त्या जळक्या खोलीत मला उचलून नेऊन कोण कुठे उभं होतं ते दाखवा, ते डोळ्यांनी बघेन, आणि मगच तोंड उघडेन.

तुझा,
अण्णा